यादीत न दिसणारा मेलबॉक्स

साताऱ्याच्या एका कारखान्यात मी ईमेलचा सर्व्हर सांभाळत होते. विक्रीचा, खरेदीचा असे बरेच मेलबॉक्स तिथं सामायिक होते, चारपाच जण मिळून वापरायचे. त्यातला एक मात्र ऑफिसच्या पत्त्यांच्या यादीत दिसत नसे. तो महिला तक्रार समितीचा. त्याचा पत्ता बायकांच्या खोलीत दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला, आणि तो उघडायची परवानगी समितीतल्या तिघींनाच. यादीतून तो मीच लपवला होता.

एका सकाळी कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं. माझ्यासाठी चहा मागवला, तेव्हाच मला शंका आली.

"बाळ, तो समितीचा मेलबॉक्स हाय न्हवं? जरा वाचायचाय मला."

"सर, ते समितीच्या अध्यक्ष मॅडमना विचारावं लागेल."

"त्यांना कशाला तरास? तुझ्याच हातात हाय की. कुणाला कळतंय?"

ते खरंच होतं. त्यांना परवानगी द्यायची, वाचून झालं की काढून घ्यायची. त्या तिघींना पत्ताही लागला नसता. आत काय आहे ते मला ठाऊक नव्हतं, पण एसी चालू असून साहेबांच्या कपाळावर घाम होता.

"मला नाही जमणार, सर."

त्यांचा आवाज आणखी खाली आला. "लय शहाणी झालीस व्हय? तुला कायम करायचं पत्र माझ्या सहीसाठी आलंय. जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबतो."

अध्यक्ष मॅडम त्या दिवशी आष्ट्याच्या गोदामावर होत्या. मी जिन्यात जाऊन त्यांना फोन केला आणि साहेबांनी काय मागितलं ते सांगितलं.

"उघडून दिलास का?" त्यांनी एवढंच विचारलं.

"नाही."

"देऊ नको. मी निघते."

सुट्टीच्या आधीच साहेब माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. "झालं का?"

मी स्क्रीन लॉक केली. "नाही सर. मॅडमना कळवलंय. त्या येतायत."

खुर्चीच्या पाठीवर त्यांची पकड घट्ट झाल्याचं जाणवलं. आजूबाजूच्या माना खाली गेल्या. ते गेल्यावर मी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

मॅडम आल्या त्या थेट केबिनमध्ये. दार त्यांनी मुद्दाम उघडं ठेवलं.

"मेलबॉक्स का बघायचाय, तेवढं लिहून द्या. समितीपुढं ठेवते."



त्या मेलबॉक्समध्ये आलेल्या तक्रारीची चौकशी बरेच दिवस चालली. तक्रार साहेबांच्या मेहुण्याविरुद्ध निघाली, तो आमच्याकडेच सुपरवायझर होता. त्याला काढलं, आणि साहेबांची बदली झाली. मला कायम केल्याचं पत्र पुढं नव्या साहेबांच्या सहीनं मिळालं. तोवर मी सांगलीला दुसरीकडं मुलाखत देऊन आले होते.

तक्रार कुणी केली, ते मला आजही माहीत नाही. मी विचारलं नाही.