धुऱ्यावरची झडती

"हात वर कर."

मालकीणबाई बोलली अन् मी हात वर केले. वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, आम्ही सात बाया रांगेत उभ्या होतो. साऱ्या कोलाम पोडावरच्या, गावाबाहेरच्या आमच्या वस्तीतल्या. दिवसभर कापूस वेचला, गाठोडी बैलगाडीत टाकली. आता घरी जायच्या आधी झडती, कोणी कापूस लपवला का ते पाहायले. ओटी सोडून दाखवायची, पदर झटकून दाखवायचा. रोजचंच होतं ते. त्या दिवशी तिनं माह्या पोलक्यात हात घातला. तिचा नवरा, आमचा मालक, गाडीवर बसून पाहून राह्यला होता. गडीमाणसं पाहून राह्यली होती.

काहीच निघालं नाही.

"आज नाही निघालं," ती म्हणाली, अन् पुढच्या बाईकडे वळली.

आज.

नवऱ्याले मी काही सांगितलं नाही. त्याले बी सकाळी त्याच वावरात जायचं होतं.

त्या हिवाळ्यात यवतमाळहून एका संस्थेची ताई आली. शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीवर गावातल्या लोकायकडून चित्रं काढून घ्यायची, असं तिचं काम. रंगाचे डबे आणले, आम्हाले बोलावलं. म्हणाली, "गावात जे बदलावंसं वाटतं, ते काढा. लिहिता येत नसलं तरी चालेल."

मले लिहिता येत नाही. पण सणासुदीले घराच्या भिंतीवर मीच काढते. पहिल्या दिवशी मी मोर काढला. ताई म्हणाली, "फार छान." मले नाही वाटलं छान. मोरात बदलण्यासारखं काय हाय?

दुसऱ्या दिवशी मोर पुसला. त्या जागी धुरा काढला. सात बाया, हात वर केलेल्या. एका बाईच्या पोलक्यात गेलेला हात. गाडीवर बसून पाहणारा माणूस. नाव मी कोणाचंच लिहिलं नव्हतं. दुपारपर्यंत साऱ्या गावानं वाचलं.

तिसऱ्या दिवशी सकाळीच मालक पोडावर आला. मोटारसायकलवर, मागं दोन माणसं. याच्याआधी तो कधीच पोडावर आला नव्हता.

"शाळेपाशी चाल."

भिंतीपाशी चुन्याची बादली भरून ठेवली होती. ब्रश होता. लोक जमले होते. ताई बी होती.

"तूच काढलं ना? मंग तूच पूस. तुह्याच हातानं."

मी ताईकडे पाह्यलं. ती जवळ आली, हळूच म्हणाली, "पुसा आत्ता. वाद नको. नाहीतर सगळा प्रकल्प बंद पडेल. आपण दुसरं काहीतरी छान काढू."

खरं सांगते, लुगड्यातच मुतायची पाळी आली होती. मी ब्रश उचलला. चुन्यात बुडवला. रांगेतली पहिली बाई पुसली.

गर्दीत आमच्या पोडावरची एक म्हातारी उभी होती. ती बी त्या दिवशी रांगेत होती. ती कोणाकडे न पाहता बोलली, "पोरी, आता पुसली ते मी होती वं."

माह्या हातातला ब्रश बादलीत पडला.

"मी नाही पुसत."

भिंतीकडे तोंड करूनच बोलली मी.

"काय म्हणाली?" मालक जवळ आला.

"मी नाही पुसत, मालक."

"उद्यापासून वावरात पाय ठेवू नको. तुह्या नवऱ्याले बी सांगून ठेव."

बाकीचं चित्र त्याच्या माणसानं पुसलं. ताई दुसऱ्या दिवशी निघून गेली. नवरा एकदाच म्हणाला, "कायले केलं?" आता आम्ही वणीकडच्या वावरात जातो, दूर पडते. सातातल्या दोघी माह्यासंग येतात, त्यातली एक ती म्हातारी. बाकीच्या चौघी अजून त्याच धुऱ्यावर उभ्या राहतात. त्यायले मी बोल लावत नाही. रस्त्यानं मोटारसायकल गेली का मी अजून वळून पाह्यते.

परवा ताईचा फोन आला. यवतमाळले भिंतीवरच्या चित्रायचं प्रदर्शन हाय. माह्या चित्राचा फोटो तिनं पुसायच्या आधीच काढून ठेवला होता, तोच मोठा करून लावणार हाय. मोठे साहेब येणार. "तुम्ही स्टेजवर या," ती म्हणाली, "कलेनं तुमचं आयुष्य कसं बदललं, ते दोन मिनिटं सांगा. मी लिहून देते, तुम्ही कोणाकडून वाचून घ्या अन् पाठ करा."

मी म्हटलं, "येते ताई. पण लिहून देऊ नका."

नवरा म्हणते, जाऊ नको. म्हातारी म्हणते, मी बी येते. माईक मी कधी हातात धरला नाही.

पण माईक हाती आला का मी मालकाचं नाव घेणार हाय. पुरं नाव. मालकीणबाईचं बी. अन् "पुसा" कोण म्हणालं होतं, ते ताई बाजूले बसली असतानाच सांगणार हाय.