दोन हात पुढं

ऋतुजाचं बूड म्हणून एका जागी टेकत नव्हतं. आष्टीजवळच्या मेंढपाळाची ही पोर, चोविशीला आलेली, आणि डोक्यात खूळ काय, तर मोबाईलवरचे गेम बनवायचे! पुण्यातली एक कंपनी शिकाऊ म्हणून घेणार होती, पण वयाची अट अशी की यंदा नाही तर कधीच नाही. परीक्षा एवढीच: पळत्या वस्तूला फेकलेली वस्तू लागेल असा छोटा गेम करायचा आणि आज पाचच्या आत पाठवायचा.

तिनं गेममध्ये मेंढी घेतली अन् गोफण घेतली. तिला दुसरं काय सुचणार? पण महिनाभर धोंडा मेंढीच्या मागंच पडत होता. मेंढी आत्ता कुठं आहे ते कामाचं नाही, धोंडा पोचेल तेव्हा ती कुठं असेल ते काढायचं. त्यासाठी वेळ लागतो, वेळ काढायला अंतर लागतं, आणि अंतर काढायला पुन्हा वेळ. लई डोकं खाल्लं त्या गणितानं. दहावीत ज्याच्यापासून पळ काढला होता, ते वर्गसमीकरणच शेवटी गळ्यात पडलं. रडत, चिडत ती ते नव्यानं शिकली. आज दुपारी कुठं धोंडा बरोबर मेंढीच्या कपाळावर बसला.

तिनं आईला, दगडाबाईला, हाक मारून दाखवलं. आईचं तोंडच उतरलं.

"मेंढी मारलीस की गं."

"आई, नेम लागलाय."

"कसला नेम? धोंडा मेंढीच्या म्होरं दोन हात टाकायचा. ती बुजती अन् माघारी वळती. अंगावर कोन टाकतं?"

जन्म कळपामागं गेला आणि एवढं विसरले, म्हणून ऋतुजाला स्वतःचाच राग आला. पण परीक्षेला तर लागलेलाच धोंडा हवा होता. साडेचार वाजले. दात-ओठ खात तिनं चालीच्या दिशेनं दोन हात अंतर जोडलं, मेंढी वळवली आणि गेम पाठवून टाकला. मग आठवडाभर धड जेवण नाही, धड झोप नाही.

शेवटी कंपनीतल्या साहेबांचा फोन आला. "धोंडा दर वेळी तेवढाच चुकतो. का?"

"चुकत न्हाई सर, चुकवलाय. लागला तर मेंढी मरंल."

मग साहेब म्हणाले, "गणित पक्कं आहे तुमचं. सोमवारपासून या."

तिनं पळत जाऊन आईला सांगितलं. आईनं पदरानं तोंड पुसलं, लेकीकडं डोळे भरून बघितलं आणि विचारलं, "पन गाभन मेंढीला अजून लांब टाकावा लागतो, न्हाईतर बुजून गाभ टाकंल ती. ते घातलंस का?"

घातलं नव्हतं. ऋतुजानं पुण्याला जायला म्हणून भरायला काढलेली पिशवी तशीच सोडली आणि लॅपटॉप उघडला.