चौदा अंगठे

२०२३ साल. मी बाहत्तर वर्षांचा. सुप्याच्या अलीकडं आमची वस्ती, आणि म्हाताऱ्यांत मीच एकटा दुसरी पास. बाकीच्यांचं शिक्षण मेंढरांमागं झालं. तहसीलचा कागद आला की वाचायला माझ्याकडंच यायचा, हे मुद्दाम सांगतो.

लोंढेबाई त्या वर्षी वस्तीच्या शाळेवर आल्या. इंदापूरकडच्या. सकाळी खडू घेऊन दारात उभ्या राहायच्या आणि प्रत्येक पोराला विचारायच्या, "आज घरून काय आणलंस?" डबा नव्हे, शब्द. घरात बोलला जाणारा एक शब्द. तो त्या फरशीवर लिहायच्या, आणि ज्याचा शब्द त्यानंच तो बाकीच्यांना शिकवायचा. संध्याकाळी तोच शब्द पाटीवर घरी जायचा. त्याच्याखाली आईनं तो पुन्हा लिहून पाटी परत पाठवायची.

माझ्या नातीनं 'वाघर' नेला. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. मी तडक शाळेत गेलो.

"बाई, मेंढरं इकली, पोरगी शाळंत घातली, आन तुमी पुन्हा वाघरच शिकवताय व्हय?"

"आबा, कमळ तिनं कधी बघितलंय? वाघर तुमच्या दारात टांगलीय. बघितलेलं लवकर वाचता येतं. बसा, वाघर कशी लावत्यात ते सांगा पोरांना."

मी तासभर बोललो. एक पोर हललं नाही. निघताना बाई म्हणाल्या, "हुशार माणसाचं एकच अवघड असतं आबा, दुसऱ्याच्या हातात खडू देववत न्हाय." मी हसलो. मला वाटलं, कौतुकच केलं.

वर्षभरात वस्तीवरच्या बायका लिहू लागल्या. माझी सून मंगल चुलीपुढच्या राखेत नाव काढायची. मी बघून न बघितल्यासारखं करायचो.

मग पट कमी म्हणून शाळा बंद करायची ठरली. त्याआधी बघायला शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. बाई म्हणाल्या, "अर्ज आयांनीच लिहायचा. प्रत्येकीनं दोन ओळी आणि सही. साहेबांना दुसरा पुरावा लागणार न्हाय."

मला ते रुचलं नाही. माझ्यासारखा लिहिता माणूस जिवंत असताना सुना अर्ज लिहिणार? बाई कामाला बारामतीला गेल्या, त्या दिवशी मी एकहाती अर्ज लिहिला आणि शाईचा पॅड घेऊन घरोघर फिरलो. मंगल म्हणाली, "मामंजी, मला सही येतीया."

"येत आसंल. अंगठा लाव."

तिनं लावला. तिच्यामागं साऱ्यांनी.

साहेब आले तेव्हा मीच पुढं होऊन अर्ज दिला. एकाच हातचं अक्षर, खाली चौदा अंगठे. साहेब म्हणाले, "बाई, आया सगळ्या अंगठ्याच्या. मग शाळेनं इथं केलं काय?"

बाईंचा चेहरा उतरला. "मंगल, लिहून दाखव," त्या म्हणाल्या. मंगलनं माझ्याकडं पाहिलं. मी नुसतं 'लिही' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण तिनं लिहिलं असतं तर चारचौघांत माझा अर्ज खोटा पडला असता. मी गप्प बसलो. मंगलनं मान खाली घातली.

शाळेला कुलूप लागलं. बाईंची बदली झाली. एसटीत चढताना एवढंच म्हणाल्या, "आबा, अक्षर वळणदार हाय तुमचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद-पेन घेऊन मी चुलीपाशी गेलो. "मंगल, तुझं नाव लिही." ती भाकरी थापत होती. तिनं पेन घेतलं नाही. पिठाचा अंगठा कागदावर उठवला आणि भाकरी तव्यावर टाकली.