पैलवानाचे कान

आधीच सांगते... बोलतेय मी, टाइप करतेय नात. चुका तिच्या, गोष्ट माझी.

पन्नासच्या दशकातलं कोल्हापूर. त्या सकाळी मी मेणाचा कान मामांच्या तळहातावर ठेवला आणि तो तिथंच मऊ पडला. कणकेचा कान आदल्या दिवशी घामानं सुटला होता.

माझे मामा नाटक कंपनीत रंगभूषा करायचे. वडील गेल्यापासून मी त्यांच्याच घरी. रंग कालवायचे, ब्रश धुवायचे, खोट्या दाढ्या विंचरायच्या, एवढं मला करू द्यायचे. नटाच्या तोंडाला मात्र हात लावायचा नाही... "बाईचा हात बाप्याच्या तोंडाला लागलेला लोकांस्नी खपत न्हाय," हे त्यांचं ठरलेलं.

आणि मला तर तेच करायचं होतं. जखमा, सुरकुत्या, भाजलेली कातडी... सगळं.

त्यात नवीन नाटक आलं. नायक पैलवान आणि नट काडीपैलवान! अंग अंगरख्यात झाकता येतं, पण कान? कुस्तीत रगडून रगडून पैलवानाच्या कानांचा पार गड्डा होतो. आमच्या गावचा प्रेक्षक आधी कान बघतो, मग चेहरा.

मी करते म्हणून हटूनच बसले. मामा वैतागले. "कर. पर थेटरात एक जरी माणूस कानाला हसला, तर परत रंगाला हात लावायचा न्हाय. चूल बघायची." मी हो म्हटलं.

कणकेसारखं मेणही फसल्यावर मी दूधकट्ट्यावर जायला लागले. तिथं पैलवान म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला यायचे आणि मी चरवी घेऊन त्यांचे कान न्याहाळत उभी. एकजण खेकसला, "काय बघतीस गं?" मी म्हटलं, "कान." बिचारा लाजून निघूनच गेला.

शेवटी दाढ्या चिकटवायच्या डिंकावर कापसाचे पापुद्रे चढवत गेले. वाळले की रंग, परत कापूस... तयार झालेला कान स्वतःलाच लावला आणि चुलीपुढं भाकरी थापायला बसले. स्टेजवरच्या दिव्यांपेक्षा चूल काय कमी तापते? मामी आत आली आणि ओरडली, "अगं बया, कानाला काय झालं?" म्हटलं, चला... जमलं!

प्रयोगाला पहिल्या रांगेत तालमीतली मंडळी बसलेली. मी विंगेत, पदराचं टोक चावत. नट स्टेजवर गेला... कुणी हसलं नाही. दुसरा अंक झाला, तिसरा झाला. कुणीच नाही!

पडदा पडला तसे एक वस्ताद थेट आत आले. नटाला म्हणाले, "कंच्या तालमीचं पावणं?" आणि मायेनं त्याचा कान धरला.

कान त्यांच्या हातात आला...

मामांचा चेहरा उतरला. आता आपली चूल, असंच वाटलं मला. तरी पुढं झाले आणि म्हटलं, "मी केलाय."

वस्तादांनी तो कान उलटापालटा केला. मग स्वतःचा कान चाचपला आणि असे गडगडून हसले की सगळी कंपनी गोळा झाली. "ह्यो कान कमवायला आमची जवानी गेली की गं पोरी! तू घरात बसून केलास व्हय?"

मी हळूच मामांकडं बघितलं. "मामा... हसले की."

मामांनी वस्तादांच्या हातातला कान घेतला. तो माझ्या हातात दिला आणि नटाला माझ्यापुढं खुर्चीत बसवलं. "उद्या डिंक जास्त लाव. आन् ह्याच्या कपाळावरची जखम बी तूच कर."

पुढं आयुष्यभर मी लोकांच्या तोंडांना रंग लावला. त्या वस्तादांचं नावसुद्धा मला कधी कळलं नाही... पण त्यांचं ते हसू अजून माझ्या कानात आहे. माझ्या खऱ्या कानात हं!