चिमाने भिंत फोडली

चिमा गोताड माहेरापासूनच मारकुटी. तिच्या घराच्या भिंतीतला पाइप गळून माजघर भिजलं, तेव्हा मुंबईच्या लेकाने घराच्या विम्याचा क्लेम टाकला. तपासायला माणूस येणार म्हटल्यावर चिमाने, पाव्हणा येतोय म्हणून, नळ बंद करून लादी पुसली आणि भिंतीला चुना काढला.

विमेवाला बघतच राहिला. "काकी, गळती कुठे आहे? क्लेम नाही व्हायचा."

"म्हंजे मी खोटी?" चिमाने पहार उचलली. दीर आडवा आला, तर त्याच्या बरगडीत कोपर बसलं.

"वयनी, येडी झालीस काय!" तो खाली कोसळत ओरडला.

पहिल्या घावात गिलावा उडाला, दुसऱ्यात चिरा फुटला. कपची लागून कपाळातून रक्त आलं तरी तिचा हात थांबेना. शेवटी आतले काळे, बुरसटलेले चिरे आणि सडलेला पाइप उघडे पडले. तिने विमेवाल्याची मान धरून तोंड भोकात खुपसलं.

"हुंग मेल्या! दिसली गळती?"

"दिसली, काकी!" त्याने फोटो काढले. "पण आज फोडलंत त्याचं काही मिळणार नाही."

"त्ये मी बांदीन," चिमा म्हणाली आणि दिराला उठवायला गेली.