ओदील गास्तिनेलचा डावा हात

आमच्या व्हिलसेक गावात ओदील गास्तिनेलने चोवीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं, आणि आमच्या पेतांकच्या, म्हणजे पोलादी गोळ्यांच्या खेळाच्या, क्लबात समोरच्यांचे गोळे उडवायचं कामही तिनेच केलं. पहिल्या कामाचा तिला पगार मिळे, दुसऱ्यामुळे तिला आसपासची बारा गावं ओळखत. मी गावचा न्हावी, आन्सेल्म. माझं दुकान चौकात, मैदानाच्या अगदी समोर. गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा असला तरी माझा एक डोळा आरशातून चिनारांखालच्या त्या भुरकट जमिनीवर असायचा. शिवाय मी तिच्याच संघात खेळलो, त्यामुळे हे मी ऐकीव सांगत नाही.

संघ तिघांचा. तूसँ बारेल हा आमचा गोळा लावणारा. रेल्वेतून निवृत्त झालेला, सदा कुरकुरणारा माणूस. पण त्याच्या हातून सुटलेला पोलादी गोळा खड्यांमधून वाट काढत जायचा आणि त्या चिमुकल्या लाकडी गोळीला, आम्ही जिला पिल्लू म्हणतो तिला, जाऊन बिलगायचा. डावाअखेर पिल्लाच्या जवळ ज्यांचे गोळे, गुण त्यांचे, आणि आधी तेरा करील तो संघ जिंकला. समोरच्यांनी आपला गोळा पिल्लाजवळ बसवला, की मग काम ओदीलचं. रिंगणात उभं राहून आठ-नऊ मीटरवरून, जमिनीला न लावता, आपला गोळा थेट त्या गोळ्यावर आदळायचा आणि त्याला हाकलून द्यायचं. मी मधला. तूसँच्या मते मधला म्हणजे ज्याला लावताही येत नाही आणि मारताही येत नाही असा माणूस.

सत्त्याहत्तर सालच्या जानेवारीत चार दिवस मिस्त्राल सुटला होता. चौथ्या दिवशी स्मशानाजवळच्या उतारावर त्या वाऱ्याने ओदीलला सायकलसकट उचलून दगडी कठड्यावर आपटलं. उजव्या खांद्याचे तीन तुकडे झाले. डॉक्टरांनी जोडायचं तेवढं जोडलं, पण हात छातीच्या वर जाईना आणि मागे तर मुळीच जाईना. पेतांकमध्ये हात मागे गेल्याशिवाय गोळा पुढे जात नाही. ओदील तेव्हा एक्कावन्न वर्षांची होती.

टपाल कार्यालयाने तिला खिडकीवर बसवलं. क्लबाने आपल्या परीने माया दाखवली. आमचे अध्यक्ष मुस्यू पेरों, पूर्वीचे शाळामास्तर, फुलं घेऊन तिच्या घरी गेले. मीही बरोबर होतो. क्लबाने तिला मानद सभासद केल्याचं त्यांनी उभं राहून, घसा साफ करून जाहीर केलं.

ओदीलने फुलं डाव्या हाताने घेतली आणि म्हणाली, "मुस्यू पेरों, मानद सभासद माणूस मेल्यावर करतात. थोडं थांबा."

त्यानंतर ती मैदानावर दिसेनाशी झाली. गावाने ठरवूनच टाकलं की बाईने हाय खाल्ली. तिचा नवरा ल्युदो दर महिन्याला केस कापायला येई. एरवी बडबड्या माणूस, पण आता विचारल्याशिवाय बोलेना. एकदा एवढंच म्हणाला की ती डाव्या हाताने सूप पिते, निम्मं टेबलावर सांडतं, आणि तो पुसायला उठला तर त्याच्या अंगावर धावून जाते.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये मी रानातले शतावरीचे कोंब खुडायला गावाबाहेरच्या जुन्या गेरूच्या खाणीकडे गेलो होतो. खाण केव्हाच बंद पडलेली. माझ्याशिवाय तिकडे कुणी फिरकत नाही असा माझा समज होता. तर लाल कड्यांच्या आतून आवाज आला. धप्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा धप्. गोळा मातीत पडल्याचा तो आवाज मी झोपेतही ओळखीन. मी झुडपाआडून डोकावलो.

ओदील पाठमोरी उभी होती. समोर नऊ पावलांवर एक गोळा ठेवलेला. तिच्या पायाशी बादलीत दहा-बारा गोळे, कुणाकुणाकडून मागून आणलेले, निरनिराळ्या वजनांचे. डाव्या हाताने ती एकेक उचलायची आणि फेकायची. मी तासभर तिथे उभा होतो. त्या तासात तिने किती गोळे फेकले ते मोजायचं मला सुचलं नाही, पण लागलेले तीन. बाकीचे कुठेही गेले. एक तर वरच्या कड्यावर आदळून तिच्याच पायाशी परत आला.

मी तिला खेळताना वीस वर्षं पाहिलं होतं. हुकलं की ती शिवी हासडायची, गोळ्याला, जमिनीला, तूसँला. इथे तिने शिवी दिली नाही. हुकल्यावर ती आपल्या डाव्या हाताकडे बघायची, नव्याने कामावर आलेल्या माणसाकडे बघावं तशी, राग न धरता. पाऊल जरासं सरकवायची आणि पुढचा गोळा उचलायची. बादली रिकामी झाली की सगळे गोळे वेचून आणायची. ते वेचताना तिचा उजवा हात अंगाला चिकटून राहिलेला मला दिसला. मग तिने कोळशाचा तुकडा घेऊन कड्यावर एक रेघ ओढली. तेव्हा मी वर पाहिलं. माणसाच्या उंचीपर्यंत तो सगळा कडा रेघांनी भरला होता. पाच-पाचचे जुडगे, ओळीखाली ओळ, जुन्या ओळी पावसाने पुसट झालेल्या.

एक रेघ म्हणजे शंभर फेकी, हे मला पुढे ल्युदोकडून कळलं. त्या दिवशी मी नुसत्या रेघा बघत मागे फिरलो. मी शतावरीची पिशवी तिथेच विसरून आलो. गावात कुणाला काही बोललो नाही. न्हाव्याला गप्प बसणं किती जड जातं ते न्हाव्यालाच ठाऊक.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी दुपारी ती गोळ्यांची थैली घेऊन मैदानावर आली आणि रिंगणात उभी राहिली. 

तूसँ म्हणाला, "ओदील, हा हात दुसरा आहे."

"माहीत आहे. पहिला घरी ठेवून आलेय."

रविवारी शेजारच्या गावाशी सामना होता. तूसँ तिला घ्यायला तयार नव्हता. तिची दया येते म्हणून नव्हे, हरायला होईल म्हणून, असं तो मला बाजूला घेऊन म्हणाला. मी म्हटलं, ती खेळणार नसेल तर मीही नाही. त्यावर त्याचं म्हणणं पडलं की मग तर संघ बराच सुधारेल, पण खेळला. आणि आम्ही तेरा-शून्य हरलो. ओदीलने दहापैकी नऊ हुकवले, आणि तूसँही बिथरला.

शून्यावर हरलेल्यांना आमच्याकडे फॅनीचं चुंबन घ्यावं लागतं. क्लबाच्या बारमागे भिंतीत एक कपाट आहे, त्याला लाल पडदा. पडद्याआड पाठमोऱ्या, झगा वर केलेल्या एका गुबगुबीत पोरीचं चित्र. गुडघे टेकायचे आणि तिच्या ढुंगणाला ओठ लावायचे, सगळ्या गावासमोर. एरवी त्या वेळी घंटा वाजते, आरडाओरडा होतो. त्या दिवशी कुणी घंटेला हात लावेना. समोरच्या संघाचाच म्हातारा पुढे येऊन म्हणाला की राहू द्या, बाईंना सोडा.

मग मात्र ओदील भडकली. "तेरा-शून्यने हरलो ना आम्ही? मग पडदा सरकवा. आणि घंटा वाजवा."

तिने गुडघे टेकले, चित्राचा मुका घेतला, कुणाचा आधार न घेता उठली आणि आमच्याकडे वळली. "तुम्ही दोघं कशाची वाट बघताय? लाजते ती?"

हसून हसून लोकांच्या हातातले पास्तीस या दारूचे पेले हिंदकळले. त्या संध्याकाळपासून ओदीलची कीव करणं गावाने सोडून दिलं. मला वाटतं, तिला तेवढंच हवं होतं.

हिवाळाभर ती आमच्याबरोबर खेळली. दहात एक लागायचा तो तीनात एक लागू लागला, मग दोनात एक. तूसँ कुरकुरायचा, पण दुसऱ्या कुणी तिला बोललं की त्याचा गळा धरायचा.

एकोणऐंशीच्या ऑगस्टात गावच्या जत्रेची स्पर्धा झाली. चौसष्ट संघ आले होते. सकाळपासून आम्ही कधी नशिबाने, कधी तूसँच्या जोरावर टिकत गेलो आणि दुपारी चारला उपांत्य फेरीत पोचलो. समोर समुद्राकडच्या शहरातला संघ. त्यांचा मारणारा सिल्व्हेर मात्तेई, सव्वीस वर्षांचा, पांढऱ्या पँटीतला, देखणा; त्या वर्षी त्याने जिंकलेले चषक ठेवायला घरी जागा उरली नव्हती म्हणतात. मुलगा उद्धट नव्हता, पण आमच्याकडे बघतच नव्हता. अकरा-सहा असे ते पुढे गेले. लोक उठून दुसऱ्या सामन्याकडे जाऊ लागले.

पुढच्या डावात त्यांचा एक गोळा पिल्लाला चिकटून बसला. ओदील रिंगणात गेली. आवाज झाला तो नेहमीचा नव्हता. कोरडा, एकच, काडकन मोडल्यासारखा. त्यांचा गोळा चिनाराच्या बुंध्यापर्यंत गेला आणि ओदीलचा त्याच्याच जागी, जागच्या जागी गरगर फिरत राहिला. याला आम्ही कारो म्हणतो. चांगल्या मारणाऱ्याच्या हातून दिवसात दोन-तीन होतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आठ झाले आमचे.

दुसऱ्या डावात तिने पुन्हा कारो केला. नऊ. तिसऱ्यात पुन्हा. आता टाळ्या वाजल्या नाहीत. उठून गेलेले लोक परत येऊ लागले, पण बसेनात. मैदानाच्या कडेला उभे राहिले, एकमेकांच्या खांद्यावरून बघत. बारमधून बारवाला हातात फडकं घेऊन बाहेर आला. चौथ्या डावात त्यांनी गोळा पिल्लाच्या मागे असा लावला की पुढून मारायला जावं तर पिल्लूच उडावं. ओदीलने पाऊल जरासं सरकवलं. मी खाणीत पाहिलं होतं अगदी तेवढंच. गोळा उंच गेला, उन्हात क्षणभर दिसेनासा झाला, आणि वरून, पिल्लाच्या डोक्यावरून उतरून त्यांच्या गोळ्यावर पडला. पिल्लू हललंसुद्धा नाही. माझ्या शेजारी मुस्यू पेरों उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात धरली, चर्चमध्ये धरतात तशी. बहुधा त्यांना ते कळलंही नसावं.

पाचव्याच्या वेळी तूसँ, जो आयुष्यात कुणाच्या खेळावर गप्प राहिला नाही, तो पाठ करून उभा राहिला. त्याला बघवेना. त्याने नुसता आवाज ऐकला. तो आवाज तसाच कोरडा, एकच होता.

तेरा-अकरा. पाच डावांत ओळीने पाच कारो. असं मी आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. ओरडायला हवं होतं, पण चौकात एवढी शांतता होती की कारंज्याचं पाणी ऐकू येत होतं.

सिल्व्हेर मात्तेई तिच्याजवळ आला. "मादाम, तुम्ही लहानपणापासून डावखुऱ्या का?"

"नाही. बावन्नाव्या वर्षापासून."

त्याला ती चेष्टा वाटली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग त्याने तिचा हात बघू का म्हणून विचारलं आणि तो दोन्ही हातांत धरला. तळव्यावर बोटांच्या मुळाशी घट्टे होते, दगडफोड्यांना असतात तसे. मग त्याची नजर उजव्या हाताकडे गेली. त्याच्या मानेवर काटा आलेला मला दिसला. मानाच बघायचा माझा धंदा आहे. तिला सोडून तो सरळ आपल्या गोळ्यांची थैली उचलायला गेला आणि रिकाम्या रिंगणापाशी बराच वेळ उभा राहिला.

अंतिम सामना आम्ही तेरा-नऊ हरलो. तो मी हरवला. शेवटच्या डावात माझे दोन्ही गोळे पिल्लापासून हातभर लांब पडले. तूसँ तीन आठवडे माझ्याशी बोलला नाही. केस कापायला आला तेव्हाही आरशाकडे बघून बोलला. ओदील मात्र त्या संध्याकाळी माझ्या शेजारी बसून भोपळ्याच्या फुलांची भजी खात होती. मी तिच्याजवळ कबूल केलं की खाणीत मी तिला पाहिलं होतं.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "दोनदा शिंकलास. आणि तुझी शतावरी आम्ही अंड्यात घालून खाल्ली."

"मग बोलली नाहीस कधी?"

"तू गावात बोललास का? मग मी कशाला बोलू."

मी विचारलं, तो हात शिकलाच नसता तर? तिने भजं संपवलं, बोटं पुसली. म्हणाली की असा विचार तिने एकदाही केला नाही. दर सकाळी फक्त त्या दिवसाचे शंभर टाकायचे होते. ती बढाई नव्हती. आज काय शिजवलं ते सांगावं तसं सांगितलं तिने.

पुढे पंधरा वर्षं ती आमची मारणारी राहिली. सारखं जिंकलो नाही. पुष्कळ हरलो, दोनदा फॅनीसमोर गुडघेही टेकले. अडुसष्टाव्या वर्षी एका वसंतात तिचे ओळीने चार हुकले, तेव्हा तिने स्वतःच सांगितलं की आता डोळा राहिला नाही, मारायला दुसरं कुणी बघा, मी लावायला शिकते. आणि शिकली, पुन्हा पहिल्यापासून. तूसँ तेव्हा अंथरुणाला खिळलेला होता. ती रोज संध्याकाळी त्याच्या खाटेशी बसून गोळा कसा सोडायचा ते विचारायची आणि तो शिव्या देत देत सांगायचा. तूसँची बायको म्हणते की शेवटच्या महिन्यात तो वाट बघायचा ती त्या शिव्या देण्याचीच.

ओदील आता एक्याऐंशीची आहे. गुडघे दुखतात म्हणून मैदानावर खुर्ची आणते आणि गावातल्या भानगडींवर शेरे मारत बसते. पाळी आली की मात्र उभी राहते, आणि ती उभी राहिली की मैदानावरचं बोलणं थांबतं. कुणाला सांगावं लागत नाही.