लिफ्टच्या छताचं झाकण

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत एक जुने मिस्त्री होते, सगळे त्यांना नियमराव म्हणत. सव्वीस वर्षांत त्यांनी कमरेला पट्टा बांधल्याशिवाय कधी लिफ्टच्या छतावर पाय ठेवला नव्हता. वायरला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करायचे, त्याला कुलूप घालायचे, किल्ली खिशात टाकायचे आणि खिसा दोनदा चाचपायचे. सोबतचा मिस्त्री म्हणायचा, "अहो, किल्ली काय पळून जातेय का?" त्यावर नियमराव तिसऱ्यांदा चाचपायचे.

अशा माणसाला हेरगिरीच्या भुक्कड सिनेमांची चटक लागावी, हे त्यांचं त्यांनाच समजत नव्हतं. रविवारी दुपारी जेवणं उरकली की ते खोलीचं दार लोटून घेत आणि आवाज अगदी बारीक ठेवत. कामावर कुणी विचारलं तर सांगत, "बातम्या बघतो." त्या सिनेमांत पाणबुडीची भिंत नायकानं पाठ टेकली की हलायची. खलनायकाचा अड्डा बर्फाच्या डोंगरात, पण पहारेकऱ्यांच्या काखा घामानं भिजलेल्या. बॉम्ब फुटायला सात सेकंद उरलेले असताना नायक नायिकेशी चांगली दोन मिनिटं बोलायचा. आणि दर दुसऱ्या सिनेमात लिफ्ट बंद पडायची. नायक वर बघायचा, कोट झटकायचा, एक उडी मारून छताचं झाकण ठोशानं उडवायचा आणि वर चढून पसार व्हायचा. कोटाला सुरकुती नाही.

"त्या झाकणाला वरून कडी असते, गाढवा," नियमराव पडद्याला सांगायचे. "अडकलं की घंटा दाबायची आणि गप खाली बसायचं." मग तेच दृश्य मागे नेऊन पुन्हा लावायचे.

बायको दारातून डोकावायची. "सगळं चूक आहे ना? मग परत कशाला?"

"चूक कुठे आहे ते बघतोय."

"चौथ्यांदा?"

सिनेमा संपला की पोरकट काहीतरी करून बसल्यासारखं वाटायचं, आणि बुधवारपासून पुन्हा रविवारची वाट बघणं सुरू.

त्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. लिफ्टच्या खड्ड्यात उतरणं, लोखंडी शिड्या चढणं आता जमेना. डॉक्टरांनी सांगितलं, काम बदला. कंपनीत बदलण्याजोगं एकच काम होतं, शिकाऊ मुलांना शिकवण्याचं. ती जागा मिळाली नाही, तर वयाच्या बावन्नाव्या वर्षी घरी बसायचं. मुलीची कॉलेजची दोन वर्षं अजून बाकी होती. बायकोला झोप लागत नव्हती. "तुमच्याइतके नियम कुणाला पाठ आहेत?" असं ती त्यांना सांगे, म्हणजे खरं तर स्वतःलाच.

मुलाखतीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, हत्यारांची पिशवी घरी ठेवून, ते मुख्य कार्यालयात गेले. लिफ्टमध्ये त्यांच्यासोबत फक्त कार्यालयातल्या एक टायपिस्ट बाई होत्या. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट गचका खाऊन थांबली.

"झालं," बाई म्हणाल्या. "लिफ्टच्याच कंपनीत ही तऱ्हा."

नियमरावांनी वर बघितलं आणि उडी मारली.

पहिल्या उडीत हात पोचला नाही. दुसऱ्या उडीत त्यांचा ठोसा छताखालच्या शोभेच्या पत्र्यावर बसला, पत्रा सुटून लोंबकळायला लागला आणि दिवा गेला. मागे खरं झाकण होतं तिथंच होतं, वरून कडी घातलेलं. त्यांचा गुडघा ठणकला. ते मटकन खाली बसले.

अंधारात बाईंनी विचारलं, "तुम्ही मिस्त्रीच ना?"

"हो."

"मग घंटा मी दाबू का?"

लिफ्टमध्ये कॅमेरा होता. मुलाखत पुढे ढकलली गेली आणि त्याऐवजी एक पत्र हातात पडलं. प्रशिक्षण विभागाच्या मॅडमनी विचारलं होतं, असं का केलंत ते दोन दिवसांत लेखी कळवावं.

नियमराव जेवणाच्या टेबलाशी कागद घेऊन बसले. हवेची जाळी तपासत होतो, असं लिहिलं. बायकोनं वाचून कागद परत सरकवला. "तुम्हाला खोटं लिहिता येत नाही. अक्षरसुद्धा बिघडलंय."

"घाबरून गेलो, असं लिहू?"

"घाबरला होतात?"

त्यांनी पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "नाही ना. तोच तर घोळ आहे. झाकण उघडणार नाही, हे मला उडी मारतानाही ठाऊक होतं. पण छान वाटलं गं. का, ते विचारू नकोस."

"मी नाही, मॅडम विचारतायत."

शेवटी त्यांनी तेच लिहिलं. सिनेमांचंही लिहिलं, दार लोटून घेण्याचंही. खाली लिहिलं, कारण मला समजलेलं नाही.

मॅडमनी तो कागद त्यांच्यासमोर दुसऱ्यांदा वाचला. "खरं आहे हे?"

"हो."

"मला यातून काही कळलं नाही."

"मलाही नाही, मॅडम."

मॅडमनी चष्मा काढून ठेवला. "सोमवारपासून वर्ग घ्या. पण पहिल्या तासाला कॅमेऱ्यातलं हे चित्रण दाखवायचं. नियम पाठ असणारा माणूसही उडी मारतो, हे मुलांना कळू दे. पुढचं काय सांगायचं ते तुम्ही ठरवा."

ही बढती की शिक्षा, हे विचारायचं धाडस त्यांना झालं नाही. जिन्यात थांबून त्यांनी घरी फोन लावला.

"मिळाली?" पहिली घंटा पुरी व्हायच्या आत बायकोनं उचलला होता.

"मिळाली."

ती मोठा श्वास सोडून म्हणाली, "मग आवाज असा का?"

त्यांनी चित्रणाचं सांगितलं. "वीस पोरं बघणार. कुणीतरी हात वर करून विचारणारच, सर, का मारलीत उडी? काय सांगू?"

"मला सांगितलंत तेच."

"तुला तरी कळलं का ते?"

"नाही," बायको म्हणाली. "पण पटलं."